पिल्लाला रक्ताची हगवण : पार्व्हो ओळखा, वेळ दवडू नका

काल अंगणात उड्या मारणारे कुत्र्याचे पिल्लू आज कोपऱ्यात पडून राहते. अन्नाला तोंड लावत नाही, उलट्या करते आणि संध्याकाळपर्यंत घाण वासाची, रक्तमिश्रित हगवण सुरू होते. वस्तीत कोणी म्हणते नजर लागली, कोणी म्हणते विष घातले. विषबाधाही असू शकते, म्हणून तपासणी हवीच. पण दीड ते सहा महिन्यांच्या, लस न टोचलेल्या पिल्लाबाबत पहिला संशय पार्व्होचा घ्यावा. कुत्र्यांचा हा विषाणू १९७८ च्या सुमारास जगभर पसरला. माणसाला त्याची लागण होत नाही.

पिल्लू का दगावते?

विषाणू आतड्याचे अस्तर सोलून काढतो आणि रक्तातील पांढऱ्या पेशी कमी करतो. शरीरातले पाणी व क्षार संपतात, आतड्यातले जंतू रक्तात शिरतात. लहान मुलांच्या जुलाबात आपण जे बघतो तेच येथे बघायचे. मानेवरची कातडी चिमटीत उचलून सोडा. ती सावकाश बसली तर पाणी कमी झाले आहे. हिरडी बोटाने दाबा. २ सेकंदांत गुलाबी रंग परत आला नाही तर त्याच क्षणी दवाखाना गाठा.

काय करावे, काय करू नये

• उलट्या होत असताना दूध, पाणी, काढा बळेच पाजू नये. ते फुफ्फुसात जाते.
• माणसाच्या गोळ्या देऊ नयेत. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन कुत्र्याला घातक ठरू शकतात.
• शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. महाराष्ट्रात पशुसंवर्धन विभागाच्या १९६२ या क्रमांकावर विचारपूस करता येते.
• लाळ गळते, गिळता येत नाही, कुत्रे विनाकारण चावते, असे दिसले तर तोंडात हात घालू नका. तो रेबीज असू शकतो. चावल्यास जखम साबण-पाण्याने १५ मिनिटे धुऊन लगेच लस घ्या.

आमच्या वस्तीत एका ताईंनी तीन महिन्यांचे पिल्लू दुसऱ्याच सकाळी दवाखान्यात नेले. शिरेतून सलाईन, उलटी थांबवण्याचे इंजेक्शन, अँटिबायोटिक असे चार दिवस चालले. पाचव्या दिवशी त्याने पेज चाटली. त्याच विणीची दोन पिल्ले दुसऱ्या घरी होती. तिथे 'उद्या बघू' म्हणण्यात दोन दिवस गेले, दोन्ही दगावली.

बरे होताना

उलटी थांबल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने मऊ भात व उकडलेले कोंबडीचे मांस थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा द्यावे. मीठ, मसाला, कांदा, लसूण नको. बरे झालेले पिल्लूही काही आठवडे विष्ठेतून विषाणू टाकते. त्याला इतर पिल्लांपासून दूर ठेवा. जागा आधी धुऊन, मग १ भाग ब्लीच व ३० भाग पाणी टाकून १० मिनिटे ओली ठेवा. नुसत्या फिनेलवर विसंबू नका. विषाणू जमिनीत महिनोन् महिने टिकतो.

लस

सहा ते आठ आठवड्यांपासून पहिली लस, मग दर ३-४ आठवड्यांनी, वय १६ आठवडे होईपर्यंत. एकच डोस पुरत नाही, कारण आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती सुरुवातीच्या लसीला अडवते. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनी वेगळी द्यावी. आठवडाभराच्या सलाईनपेक्षा लस कितीतरी स्वस्त पडते. वस्तीतील पिल्लांची यादी करून सर्वांना एकाच दिवशी दवाखान्यात नेले, तर रिक्षाचा खर्चही वाटून घेता येतो.