विकलेल्या पोराचा आवाज

(पाठ : उत्पत्ति ३७ : १२-३६ व ४२ : २१)

योसेफाच्या विक्रीचा पाठ खंडाळ्याच्या मंडळींत चालू असतां मागें बसलेल्या एका वृद्ध बाईनें मध्येंच विचारिलें, "पोरगं रडलं असंल न्हवं?" शिक्षकांनीं पुस्तकांत पाहिलें. सदतिसाव्या अध्यायांत भावांचें बोलणें आहे, उंटांवर लादलेल्या मालाचीं नांवें आहेत, रुप्याच्या वीस नाण्यांचा सौदा आहे, झग्याला लाविलेलें बकऱ्याचें रक्त आहे; पण खाड्यांतून वर काढिलेल्या मुलाचा एक शब्दही नाहीं. "रडला असेल, बाई," एवढें म्हणून त्यांनीं पाठ पुढें नेला.

बाईंच्या प्रश्नाचें उत्तर पांच अध्याय पुढें आहे. दुष्काळांत मिसरास धान्य आणावयास गेलेले तेच भाऊ अडचणींत सांपडले, तेव्हां त्यांस एकाएकीं आठवलें कीं, तो आपल्यापुढें काकुळतीस आला होता, आणि आपण ऐकलें नाहीं. म्हणजे पोरगा रडला होता, विनवीत होता. पण विक्रीच्या दिवशींच्या हकीकतींत तें आलें नाहीं. बाजाराच्या वहींत किंमत लिहितात, रडणें लिहीत नाहींत. तें पुष्कळ वर्षांनीं बाहेर येतें, आणि तेंही कोणी विचारणारा भेटला तर.

समुद्रापलीकडे विकल्या गेलेल्या लाखों मुलांपैकीं ज्या थोड्यांस असा विचारणारा भेटला, त्यांत पश्चिम आफ्रिकेंतील योरूबा लोकांपैकीं अजयी नांवाचा एक मुलगा होता. १८२१ सालीं त्याच्या ओशोगुन गांवावर धाड पडली. तो तेव्हां तेरा-चौदा वर्षांचा असेल. गळ्यांत दोर घालून आईसह व बहिणींसह त्याला नेलें. पुढें त्यांची ताटातूट झाली. एकदां तर तो एका घोड्याच्या बदल्यांत दिला गेला, आणि घोडा परत आला तसा तोही परत आला! आपल्या बाजारांत गाई-बैलांचा असा व्यवहार होतो. हातोहात विकला जात असतां जीव द्यावा असा विचार त्यानें कितीदां केला, पण हात धजला नाहीं. शेवटीं लागोस बंदरीं एका पोर्तुगीज व्यापाऱ्यानें त्याला विकत घेतलें.

तेथें जहाजाची वाट पाहात ठेविलेल्या मुलांमाणसांच्या गळ्यांतून एकच सांखळी ओंवलेली होती. सहा वांव लांब, आणि दोन्ही टोंकांस कुलूप. मोठा माणूस झोपेंत कूस वळे किंवा रागानें सांखळीला हिसका देई, तेव्हां शेजारच्या पोराची मान सोलून निघे. हें अजयीनें स्वतः १८३७ सालीं पत्रांत लिहून ठेविलें आहे. आम्हांस त्यांतील दुसरी एक गोष्ट अधिक विचार करावयास लावणारी वाटते, ती ही : ७ एप्रिल १८२२ रोजीं १८७ जणांस जहाजावर चढविलें, आणि त्याच संध्याकाळीं इंग्रजांच्या दोन लढाऊ जहाजांनीं तें पकडलें. म्हणजे गुलामांच्या जहाजांत अजयी एकच दिवस होता. पहिल्याच दिवशीं समुद्र लागून ओकारीनें सारे निपचित पडले होते. अशा एका दिवसाचें वर्णन त्याला पंधरा वर्षांनीं करतां आलें. ज्यांस कोणी पकडलें नाहीं त्यांचे पुढें कित्येक आठवडे त्याच अंधारांत गेले, आणि त्यांतील बहुतेकांनीं कांहींच लिहिलें नाहीं.

आतां शिक्षकांनीं या ठिकाणीं थांबावें. आपण ऐकणाऱ्यांस "मग त्यांची सुटका झाली" असें सांगून मोकळे होतों. अजयीला मात्र सुटका झाली हें कळलेंच नाहीं! सकाळीं उघड्या तरवारी घेतलेले परके लोक दिसले, तेव्हां धनी बदलला एवढेंच त्याला समजलें. सोबती वेगवेगळ्या जहाजांवर वांटले गेले. अजयी व त्याचे मित्र मिळून सहा जण 'मिर्मिडन' नांवाच्या लढाऊ जहाजावर आले. तेथें टांगलेलें मांस पाहून हें आपल्या सोबत्यांचेंच, असें त्यांस वाटलें. पलीकडे काळे वाटोळे गोळे रचलेले होते. तीं त्यांचीं डोकीं! भीत भीत जवळ जाऊन पाहतात तों दुभंगलेला खूर दिसला. मांस डुकराचें होतें, आणि गोळे तोफांचे होते. मग कोठें जिवांत जीव आला. आपण या भयाला हंसूं नये. ज्याला बालपणापासून प्रत्येकानें विकलें, त्यानें नव्या माणसाचा हात पाहून हा देणारा कीं घेणारा हें कसें ओळखावें?

हाच अजयी पुढें सॅम्युएल क्राउथर या नांवानें प्रसिद्ध झाला, आणि २९ जून १८६४ रोजीं कँटरबरीच्या देवळांत बिशप झाला. त्याला सोडविणारा कप्तान लीक हा त्या प्रसंगीं हजर होता. पण त्याहून आम्हांस १८४६ ची गोष्ट मोलाची वाटते. अबेओकुटा येथें पंचवीस वर्षांनीं त्याची आई त्याला भेटली. दोघें एकमेकांकडे पाहात राहिलीं. बराच वेळ कोणालाही बोलतां आलें नाहीं.

आतां आपण आपल्या देशाकडे वळूं. कारण अशीं मुलें नाशकासही आलीं. गुलाम विकत घेणें ही दख्खनला नवी गोष्ट नव्हती. निजामशाहीचा प्रसिद्ध वजीर मलिक अंबर हा मूळचा हबशाण देशांतून विकत आणिलेला मुलगाच होता. तो १६२६ सालीं वारला. एकोणिसाव्या शतकांत पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर हा व्यापार जोरांत होता. आंतल्या मुलखांतून, विशेषतः न्यासा सरोवराच्या बाजूनें, मुलांस धरून किलवा बंदरावर आणीत. तेथून झांजिबारच्या बाजारांत, आणि पुढें अरबस्तानाकडे. नैर्ऋत्येचा जो वारा खंबाटकीच्या डोंगरावर पाऊस आणतो, तोच वारा हीं अरबी गलबतें उत्तरेस लोटीत नेई. वारा कोणाच्या शिडांत भरतो हें पाहात नाहीं. गलबताच्या तळाशीं माणसें दाटून बसवीत, त्यांच्यावर बांबूंची माळवद करून आणखी माणसें बसवीत, आणि मूठभर शिजविलेलें धान्य व करवंटीभर पाणी देत. इंग्रजांचें जहाज दिसलें कीं व्यापारी मुलांस सांगत, "हे गोरे तुम्हांस खातील." अजयीस जें भय आपोआप वाटलें, तें येथें मुद्दाम शिकवीत.

पकडलेल्या गलबतांतील कित्येक मुलें एडन व मुंबईस आणीत. चर्च मिशनचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनीं नाशकाजवळ शरणपूर नांवाची वस्ती वसविली होती. नाशकांतील शरणपूर रस्ता आजही त्या वस्तीचें नांव सांगतो. पवित्र शास्त्रांतील शरणपुरांवरून तें नांव किती सार्थ आहे, हें उपदेशकांस सांगावयास नको. १८६० नंतर तेथें या आफ्रिकन मुलांकरितां आश्रम चालला. लिहिणें-वाचणें, सुतारकाम व लोहारकाम तीं शिकलीं, आणि त्यांस नवीं नांवें मिळालीं. याओ लोकांचा चेंग्विंबे हा मॅथ्यू वेलिंग्टन झाला. दुसरा एक जेकब वेनराइट झाला. नांवें प्रेमानें दिलीं गेलीं हें आम्ही मानितों. तथापि आईबापांनीं ठेविलेलें नांव हीच त्या पोरांजवळची शेवटची घरची वस्तु होती, आणि ती कोणीं चोरली नाहीं. आपल्याच लोकांनीं बदलली. असें करण्यापूर्वीं त्यांस विचारिलें असतें तर बरें झालें असतें, असें आम्हांस वाटतें.

१८६५ मध्यें डॉ. लिव्हिंग्स्टन यांनीं शरणपूरहून नऊ तरुण आपल्या प्रवासास घेतले. त्यांतील सारेच टिकले नाहींत. डॉक्टरांनीं त्यांच्याविषयीं कडक शब्दही लिहिले आहेत. त्यांत अब्राहाम नांवाचा एक तरुण होता. जुलै १८६६ मध्यें हा काफिला मातका नांवाच्या याओ सरदाराच्या गांवीं पोंहोंचला, आणि तेथें अब्राहामास त्याचा चुलता भेटला! वाचकहो, समुद्रापार गेलेला पोरगा मोठा होऊन, लिहावयास शिकून, आपल्याच लोकांत उभा होता. त्यानें आईविषयीं विचारिलें. त्याला धरून नेल्यावर आईस व दोघी बहिणींसही अरबांस विकण्यांत आलें होतें. चुलत्यानें राहा म्हणून आग्रह केला. डॉक्टरांनींही राहा म्हटलें. पण आई नाहीं, बहीण नाहीं, तर येथें मी राहूं कसा, असेंच त्याचें म्हणणें पडलें. आणि तो काफिल्याबरोबर पुढें गेला. क्राउथरच्या भेटीची गोष्ट सांगतांना ही गोष्ट वगळूं नये. सांखळी एका दिवसांत तुटते, घर तसें परत मिळत नाहीं.

मे १८७३ च्या आरंभीं लिव्हिंग्स्टन चितांबो नांवाच्या गांवीं वारले. त्यांच्या माणसांत चुमा व सुसी हे जुने सोबती होते. चुमा लहानपणीं गुलामांच्या तांड्यांतून सोडविलेला आणि मुंबईस डॉ. विल्सन यांच्या शाळेंत शिकलेला होता. मॅथ्यू वेलिंग्टन, जेकब वेनराइट वगैरे शरणपूरचे सहा जण आदल्या वर्षीं मदतीस धाडलेल्या टोळींतून आले होते. डॉक्टरांचें प्रेत सुकवून, कापडांत व झाडाच्या सालींत गुंडाळून, या लोकांनीं तें सुमारें १,००० मैल समुद्रापर्यंत वाहून आणिलें. खंडाळ्याहून पायीं निघून दिल्लीच्या पलीकडे जावें एवढी ही वाट, आणि तींत नऊ महिने गेले. त्या मुलखांतून लहानपणीं त्यांच्यासारख्या मुलांस बांधून समुद्राकडे हांकीत नेलें होतें. आतां ते स्वखुषीनें ओझें घेऊन त्याच समुद्राकडे चालले होते. प्रेतक्रियेच्या वेळीं शास्त्र जेकबनें वाचिलें, झाडावर अक्षरें त्यानेंच कोरलीं, आणि वाटेची रोजनिशी लिहिली ती आजही आहे. १८ एप्रिल १८७४ रोजीं लंडनच्या वेस्टमिन्स्टर देवळांत शवपेटीच्या मानकऱ्यांत तो उभा होता. चुमा व सुसी यांस मात्र त्या दिवसापर्यंत तेथें कोणीं नेलें नाहीं. मॅथ्यू वेलिंग्टन पुष्कळ जगला. १९३५ सालीं मोंबासा येथें त्याचा अंत झाला.

१८७३ हें साल खंडाळ्याच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. त्याच वर्षीं जूनमध्यें झांजिबारच्या सुलतानानें तेथला गुलामांचा बाजार बंद केला. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनीं त्यासाठीं बोलणें लाविलें होतें. आणि त्याच वर्षीं जोतीराव फुले यांनीं 'गुलामगिरी' हें पुस्तक छापिलें व अमेरिकेंत गुलामांस मुक्त करणाऱ्या सज्जनांस तें अर्पण केलें. जोतीरावांच्या पत्नी सावित्रीबाई या खंडाळा तालुक्यांतील नायगांवच्या. समुद्रापलीकडील सांखळीचा आवाज या तालुक्याच्या लेकीच्या घरांत तेव्हां ऐकूं गेला होता.

पुढें प्राइससाहेब शरणपूरचीं पुष्कळ आफ्रिकन माणसें घेऊन मोंबासाजवळ गेले, आणि १८७५ मध्यें तेथें फ्रिअरटाउन ही मुक्त झालेल्यांची वस्ती वसली. जवळच राबाई नांवाचें ठाणें होतें. तेथें शरणपूरचाच विल्यम जोन्स काम पाहात असे. तोही मूळचा पळवून विकलेला याओ मुलगा, शिकून लोहार झालेला, आणि १८८५ मध्यें दीक्षा मिळालेला. किनाऱ्यावरील मळ्यांतून पळालेले गुलाम रात्रींबेरात्रीं राबाईस येत. मालकांशीं तंटा नको म्हणून पळालेल्यांस ठेवूं नये, असा वरिष्ठांचा हुकूम होता. १८८८ मध्यें प्राइससाहेब पुन्हां तेथें आले, तेव्हां त्यांस दिसलें कीं जोन्सच्या राबाईंत असे लोक शेंकड्यांनीं राहात आहेत, झोंपड्या बांधून शेती करीत आहेत. मालक हत्यारें घेऊन येण्याच्या बेतांत होते.

जोन्सनें हुकूम मोडला हें खरें. या प्रश्नावर मंडळीच्या बैठकींत दोन मतें पडतील, आणि तीं पडूं द्यावींत. नियम पाळणाराची बाजूही ऐकावी, कारण दंगा झाला असता तर राबाईच मारली जाती. पण दार वाजविणारा कोण आहे, हें जोन्सला ठाऊक होतें. त्यानें दारावरची ती थाप आंतून ऐकण्यापूर्वीं बाहेरून अनुभविली होती. शेवटीं मॅकेंझी नांवाच्या इंग्रज कंपनीच्या अधिकाऱ्यानें मालकांस मोबदला दिला, आणि १ जानेवारी १८८९ रोजीं चौदाशेंहून अधिक पळालेल्यांस मुक्ततेचे कागद मिळाले.

हा पाठ घेतांना शिक्षकांनीं सदतिसावा अध्याय वाचून झाल्यावर थोडा वेळ गप्प राहावें, आणि कोणी तरी खंडाळ्याच्या बाईंचा प्रश्न विचारतें कीं काय पाहावें. न विचारल्यास बेचाळिसावा अध्याय काढावा व एकविसावें वचन एखाद्या मुलाकडून वाचवून घ्यावें.

पुढील आठवड्याचा पाठ : उत्पत्ति ३९, योसेफ पोटीफराच्या घरीं.