पाणी खाली जात नाही, मग न्यायचे कुठे?
(इयत्ता सातवी, परिसर अभ्यास गट)

फाटकातून आत आलात की डाव्या हाताला हिरवेगार अंगण दिसते. पाहुण्यांना ते खरे गवत वाटते. पण ती प्लास्टिकची चटई आहे. आमचा हा पाठ चटईचा नाही, चटईखालच्या काळ्या मातीचा आहे.

२०२४ च्या मे महिन्यात गावाने वर्गणी काढून पहिली-दुसरीच्या मुलांसाठी हे गवत आणले. अंगण ३० फूट लांब, २० फूट रुंद. टाकणाऱ्यांनी जमीन फावड्याने सपाट केली, वर चटई पसरली, कडेने खिळे ठोकले आणि गेले. जूनच्या पहिल्या पावसात पाणी बघता बघता गायब झाले. आम्ही टाळ्या वाजवल्या! जुलैत मात्र चटईवर घोटाभर पाणी आणि खाली नुसता राबडा. पाय दिला की पचपच, वरून घाण वास. पहिलीतली एक मुलगी घसरली, तिचे कोपर फुटले. पालकसभेत काहीजण म्हणाले, "काढून फेका ते. वर्गणी बुडाली समजा." गुरुजी म्हणाले, "फेकायच्या आधी पाणी का थांबतं ते तर बघू." असे हे काम आमच्याकडे आले.

पहिला प्रयोग बाटलीचा. तुम्हीही करा. काचेच्या बाटलीत मूठभर माती व पाणी घालून खूप हलवा आणि ठेवून द्या. नदीची वाळू मिनिटभरात तळाला बसते. आपल्या अंगणातल्या मातीचे पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळच होते. चिकण मातीचा कण ०.००२ मिलिमीटरहून लहान असतो. असे कण एकमेकांना चिकटून बसले की मधली भोके इतकी बारीक होतात की पाण्याला वाटच मिळत नाही. शिवाय काळी माती पाणी पिऊन फुगते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, त्यांत पहिला पाऊस भसाभस उतरतो. जूनमध्ये आम्ही फसलो ते इथेच. माती फुगली, भेगा मिटल्या, दार बंद! एकदा भिजली की चिकण मातीत तासाला साधारण १ ते ५ मिलिमीटर एवढेच पाणी मुरते.

आता गणित करू. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आपले अंगण सुमारे ५६ चौरस मीटर. २५ मिलिमीटरची एक सर आली तर १४०० लिटर झाले. पण आम्ही छप्पर विसरलो होतो! अंगणाकडे उतरणारा पत्रा ३० फूट बाय १० फूट आहे, त्याचे आणखी ७०० लिटर. एकूण २१०० लिटर, म्हणजे १५ लिटरच्या १४० बादल्या. हे मुरायला सुमारे साडेसात ते साडेसदतीस तास हवेत, तेही मध्ये पुन्हा सर आली नाही तर.

आमची पहिली युक्ती चुकली, तीही सांगतो. आम्ही कोपऱ्यात शोषखड्डा खणला, त्यात दगड भरले. एका पावसात तो तुडुंब भरला आणि आठवडाभर तसाच राहिला. एका मुलाचे आजोबा गवंडी आहेत. ते बघून हसले, "अरे पोरांनो, ही विहीर झाली की! काळ्या रानात पाणी खाली जात नसतं. त्याला आडवी वाट काढून द्या."

मग २०२५ च्या एप्रिलमध्ये, जमीन कोरडी असताना, पालकांनी श्रमदान केले. आधी पत्र्याला पन्हाळ लावून ते पाणी पिंपात घेतले. एवढ्यानेच एक तृतीयांश पाणी कमी झाले. आमच्या मते सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत आधी करायचे काम हेच.

चटई गुंडाळून सहा इंच माती काढली, पण सपाट नाही. भिंतीपासून बाहेरच्या कडेपर्यंत २० फुटांत ३ इंच उतार ठेवला. आजोबांनी तो पाण्याच्या नळीने मोजला. नळीच्या दोन्ही टोकांचे पाणी एका पातळीत येते, त्यावरून खालीवर कळते. डोळ्याला तो उतार दिसतही नाही. उतार भिंतीकडे कधीच नको, कारण पायाखालची काळी माती फुगली-आकसली की भिंतीला तडे जातात.

बाहेरच्या कडेला दीड फूट खोल चर खणला. त्यात जाड कापड, खडी, आणि खालच्या बाजूला भोके पाडलेला चार इंची पाइप. पाइपालाही उतार दिला व तोंड रस्त्याच्या गटारात काढले. अशा खडीच्या चराला इंग्रजीत फ्रेंच ड्रेन म्हणतात. आम्हांला वाटले फ्रान्सचा असेल, पण तो अमेरिकेतल्या हेन्री फ्रेंच यांच्या नावावरून आहे. त्यांनी १८५९ साली शेतातले पाणी काढण्यावर पुस्तक लिहिले.

अंगणभर आधी कापड, मग चार इंच खडी, वर दोन इंच बारीक कच, आणि धुमसाने ठोकणे. कापड नसेल तर खडी हळूहळू मातीत बुडते. आमच्यातले काहीजण मुरूम टाका म्हणत होते, कारण तो फुकट मिळत होता. पण ठोकलेला मुरूम घट्ट बसतो, त्यातून पाणी फारसे उतरत नाही. रस्त्याला तो चांगला, इथे नाही.

चटई परत टाकण्याआधी तिच्या पाठीवरची भोके पाहिली. बरीच चिखलाने बुजली होती. ती तारेने मोकळी केली व तांब्याभर पाणी ओतून खात्री केली.

२०२५ च्या पावसाळ्यात सर थांबल्यावर आम्ही घड्याळ लावून बसायचो. पाव तासात वर पाणी उरत नसे आणि पाइपाच्या तोंडातून धार चालू असे. पहिलीची मुले मधल्या सुट्टीत तिथे बसून डबा खातात. दुपारच्या उन्हात मात्र प्लास्टिक पायाला चटका देते, त्याला आमच्याकडे अजून उपाय नाही.

पाइपाच्या तोंडाशी लिंबाचा पाला अडकतो. दर शनिवारी तो काढायची पाळी सहावीची आहे. फाटकाजवळचे डबके अजून तसेच आहे. तिथली जमीन गटाराहून खाली आहे. पालकांनी मोटरसायकली तिथे लावू नयेत, चाके रुततात.