न बांधलेला घुमट

कागदावरचा प्रकल्प म्हणजे काय, हे आम्हा कड्याच्या मंडळींना वेगळं शिकवावं लागत नाही. नगर-बीड-परळी रेल्वेला १९९५ साली मंजुरी मिळाली आणि कड्यावरून जाणारा नगर-आष्टी टप्पा सुरू व्हायला २०२२ उजाडलं. उशिरा का होईना, गाडी आली. आज सांगतोय ते स्टेडियम मात्र कागदावरच राहिलं.

आपल्याकडे क्रिकेटचं जसं वेड, तसं अमेरिकेत बेसबॉलचं. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात डॉजर्स संघाचं एबेट्स फील्ड हे मैदान १९१३ पासून होतं. जेमतेम ३२ हजार प्रेक्षकांची सोय, नजर अडवणारे खांब आणि गाड्या लावायला अपुरी जागा. म्हणून मालक वॉल्टर ओमॅली यांनी १९५५ मध्ये जिओडेसिक घुमटासाठी प्रसिद्ध असलेल्या बकमिन्स्टर फुलर यांना गाठलं.

चौकोनी सांगाडा दाबला की तिरका होतो, त्रिकोणी होत नाही, हे आपण ट्रस शिकताना पाहिलंच आहे. घुमट अशा त्रिकोणांचा केला की भार सगळीकडे वाटला जातो आणि मध्ये एकही खांब न लावता अख्खं मैदान झाकता येतं. प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी, म्हणजे आपल्यासारख्याच पोरांनी, त्याचं मॉडेलसुद्धा बनवलं.

मग घोडं अडलं कुठं? जागेपाशी! ओमॅली स्वखर्चाने बांधायला तयार होते. पण अटलांटिक आणि फ्लॅटबुश रस्त्यांच्या नाक्यावरची, अनेक मालकांत वाटलेली जमीन शहराने संपादित करून आपल्याला विकावी, ही त्यांची मागणी. शहराच्या बांधकामांवर पकड असलेले अधिकारी रॉबर्ट मोझेस म्हणाले, खासगी मैदान हे काही सार्वजनिक काम नव्हे. त्यांनी क्वीन्समधली जागा सुचवली, ती ओमॅलींना नको होती. १९५७ चा हंगाम संपला आणि संघ लॉस एंजेलिसला गेला. १९६० मध्ये एबेट्स फील्डही पाडलं.

घुमटाखाली बेसबॉल होतो, हे १९६५ मध्ये ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोमने दाखवलं. तिथे छतातून येणाऱ्या उजेडामुळे उंच उडालेला चेंडू दिसेना. छत रंगवलं, तर गवत वाळलं. शेवटी कृत्रिम गवत अंथरलं. तांत्रिक अडचणीला असा तोडगा निघतो.

जमिनीचं तसं नाही. मोझेस यांचा प्रश्न मला अडेलपणाचा वाटत नाही. ज्याचं रान संपादनात जातं, तो शेतकरीही हेच विचारतो: काम नेमकं कुणाचं? म्हणून कुठल्याही डिझाइनच्या फाईलमध्ये पहिला कागद सातबाऱ्याचा असावा, असं माझं मत आहे. तुमचं काय?