ब्रेन हॅमरेजनंतर: पहिल्याच दिवशी आशा सोडू नका

मेंदूत रक्तस्राव झालेल्या रुग्णाचे नातेवाईक पहिल्याच तासात विचारतात, "डॉक्टर, पेशंट कितपत सुधारेल?" त्या दिवशी खात्रीनं सांगता येत नाही, अंदाज बांधता येतो. त्यासाठी २००१ पासून 'आयसीएच स्कोअर' वापरतात. शुद्ध किती हरपली, वय ८० किंवा जास्त आहे का, रक्ताची गाठ ३० मिली किंवा मोठी आहे का, रक्त मेंदूच्या पोकळ्यांत उतरलंय का, रक्तस्राव लहान मेंदू किंवा मेंदूच्या देठाकडे आहे का, यावरून शून्य ते सहा गुण देतात. गुण वाढतात तसा जिवाला धोका वाढतो. पण हा अनेक रुग्णांचा कल आहे, त्यातून तुमच्या रुग्णाचं पुढचं ठरत नाही. म्हणून पहिल्या दोन दिवसांत 'आता घरीच नेतो' म्हणू नका.

पुढचे काही धोके ठरावीक वेळी येतात. पहिल्या २४ तासांत गाठ वाढू शकते, त्यासाठी बीपी उतरवतात आणि सीटी पुन्हा काढतात. तो खर्च वायफळ समजू नका. रक्तवाहिनीचा फुगा फुटला असेल तर साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसात वाहिन्या आकसू शकतात आणि नीट बोलणारा माणूस अचानक बरळू लागतो किंवा त्याचा हात लुळा पडतो. यासाठीचं निमोडिपिन हे औषध २१ दिवस द्यायचं असतं. घरी आलात म्हणून ते मध्येच थांबवू नका. काही आठवड्यांनी चाल अडखळली, लघवीवरचा ताबा गेला, विसरायला होऊ लागलं, तर मेंदूत पाणी साचल्याची शंका घ्या. शंट (पाणी वाहून नेणारी नळी) बसवून यात सुधारणा होऊ शकते.

घरी आल्यावर गिळताना ठसका लागतोय का, हे आधी पाहा. आडवं ठेवून पाणी किंवा पेज पाजल्यानं न्यूमोनिया होऊ शकतो. फिजिओथेरपीचा सर्वाधिक लाभ पहिल्या तीन ते सहा महिन्यांत दिसतो. त्यानंतरही ती सोडू नये. रुग्ण गप्प बसू लागला, जेवेना, तर तो आळस नसून नैराश्य असू शकतं आणि त्यावर औषध आहे.

मला सर्वांत जास्त चिंता बीपीच्या गोळीची वाटते. अक्कलकोट, बार्शी, मंगळवेढ्याकडचे रुग्ण 'बीपी नॉर्मल आलं' म्हणून ती सोडतात. ते नॉर्मल आलं ते गोळीमुळेच! १३० बाय ८० च्या आत ठेवणं हे आयुष्यभराचं काम आहे. शेंगा चटणी-भाकरी खा, पण चटणीतलं मीठ कमी करा, लोणचं-पापड टाळा. तंबाखू, विडी पूर्ण बंद. रक्त पातळ करणारी गोळी पुन्हा कधी सुरू करायची, ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.

झटका आला, प्रचंड डोकं दुखलं किंवा तोंड वाकडं झालं, तर १०८ ला फोन करा आणि जुन्या सीटीच्या फिल्म घेऊनच सिव्हिल हॉस्पिटलला या.