घळीच्या काठी एक मुक्काम : वरच्या इयत्तांसाठी परिसर-अभ्यासाचा पाठ

भूगोलाचे शिक्षण मुलाच्या परिसरापासून सुरू व्हावे, हे तत्त्व प्रत्येक शिक्षक प्रशिक्षणाच्या काळातच शिकलेला असतो. तथापि हा परिसर बहुधा फळ्यावरच राहतो. तापी मध्य प्रदेशात मुलताईस उगम पावते व ७२४ किलोमीटर वाहून सुरतेजवळ समुद्रास मिळते, हे मूल न चुकता सांगते. परंतु दर पावसाळ्यात त्याच तापीकडे धावणारे पाणी आपल्या शिवारातील किती माती बरोबर नेते, हे त्यास कोणी विचारलेले नसते. हा प्रश्न हाती घेऊन सहावी-सातवीच्या मुलांस एक दिवस व एक रात्र गावाबाहेर कसे न्यावे, हे प्रस्तुत पाठात मांडले आहे.

प्रदेशाची ओळख

अमळनेर तालुक्याची उत्तर सीमा तापीने आखलेली आहे. अमळनेर शहराजवळून वाहणारी बोरी उत्तरेस जाऊन तिला मिळते. पश्चिमेस, धुळे जिल्ह्यात, मुडावद येथे पांझरा मिळते. तापीच्या काठची जमीन नदीनेच आणून टाकलेल्या गाळाची आहे. हा थर कित्येक ठिकाणी शेकडो फूट जाड असून त्यात कठीण खडक नाही. नदीचे पात्र मात्र मैदानाहून पुष्कळ खोल आहे. मैदानावरचे पाणी त्या पात्रात उतरताना वाटेतील माती कापते आणि घळ तयार होते. प्रत्येक पावसात घळीचे तोंड मागे सरकते व एक दिवस ते शेतात शिरते. काळ्या जमिनीस उन्हाळ्यात भेगा पडतात. पहिल्या पावसाचे पाणी त्यांतून आत जाऊन जमीन आतून पोखरते आणि वरून धडधाकट दिसणारा काठ एकाएकी बसतो.

अशी जमीन जगात इतरत्रही आहे. अमेरिकेतील दक्षिण डकोटा राज्यात मातीच्या कड्यांचा व घळींचा एक विस्तीर्ण प्रदेश आहे. तेथील मूळ रहिवासी लाकोटा लोक त्यास ‘वाईट जमीन’ म्हणत. १९३९ साली तो राष्ट्रीय स्मारक झाला आणि १९७८ साली राष्ट्रीय उद्यान. तेथे पायी हिंडणाऱ्यास आपले पाणी आपणच वाहून न्यावे लागते, कारण ओढ्यांचे पाणी गाळाने इतके भरलेले असते की ते गाळूनही पिता येत नाही. तेथील कडे वर्षास सुमारे एक इंच झिजतात. कोणी तरी वर्षानुवर्षे मोजमाप केले म्हणूनच हा आकडा आज सांगता येतो. आपल्या शाळेमागची घळ वर्षाला किती सरकते, हेही आपणच मोजले पाहिजे. या मुक्कामाचे मुख्य प्रयोजन ते होय.

पूर्वतयारी

पहिला नियम असा की, जी वाट शिक्षकाने स्वतः चाललेली नाही त्या वाटेने मुलांस नेऊ नये. आठ दिवस अगोदर, ज्या वेळी मुलांना न्यावयाचे त्याच वेळी, शिक्षकाने ती वाट पायी चालून यावी. सावली कोठे आहे, पाणी कोठे आहे, काठ कोठे पोकळ आहे व मोटार कोठपर्यंत येऊ शकते, या चार गोष्टी वहीत टिपाव्यात.

काळ मार्गशीर्ष-पौषाचा, म्हणजे डिसेंबर-जानेवारीचा योग्य. खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. मार्चपासून पुढे असा कार्यक्रम ठेवूच नये. हिवाळ्यातील रात्री मात्र कडाक्याच्या असतात, म्हणून प्रत्येक मुलाजवळ घोंगडी अथवा जाड पांघरूण असल्याची खात्री करावी.

गटशिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, प्रत्येक पालकाची लेखी संमती व जमीनमालकाचा होकार, हे चारही आधी मिळवावेत. मुली असल्यास शिक्षिका सोबत असलीच पाहिजे. अनेर धरण अथवा यावल अभयारण्याकडे जावयाचे असेल, तर वनविभागाच्या अनुमतीवाचून पाऊल टाकू नये.

वाटेचा नकाशा मुलांनीच काढावा. गावच्या महसूल दप्तरातील गावनकाशा त्यासाठी उत्तम. त्यात गाडीमार्ग दोन तुटक रेषांनी व पायमार्ग एका तुटक रेषेने दाखविलेला असतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. दोन्ही नकाशे शेजारी ठेवून डांबरी सडक टाळणारी वाट मुलांकडून शोधून घ्यावी. पांदण, शिवरस्ता, गाडवाट हे शब्द मुलास घरी ठाऊक असतात. नकाशात ते प्रथमच भेटतात. जाण्याचे अंतर सहा किलोमीटरांहून अधिक नसावे. मुलांचा जथा विसाव्यासह ताशी तीन किलोमीटर चालतो असे धरावे.

पाण्याचे गणित

हे गणित शिक्षकाने सोडवून देऊ नये. मुले ३० व मोठी माणसे ४, मिळून ३४ जण. चालताना माणशी २ लिटर, म्हणजे ६८ लिटर, प्रत्येकाने आपापले न्यावे. मुक्कामी पिणे, स्वयंपाक व हात-तोंड धुणे यांस माणशी ६ लिटर धरले, तर २०४ लिटर होतात. बैलगाडीतून २०० लिटरचे एक पिंप नेले, तर चार लिटर कमी पडतात. हे चार लिटर कोणाच्या वाट्याचे कमी करावयाचे, असा प्रश्न वर्गात विचारावा व उत्तरासाठी घाई करू नये. कोणी भांडी राखेने घासू म्हणेल, कोणी आपल्या वाट्याचे देऊ करील, कोणी दुसरे पिंप मागेल. शेवटी दुसरे पिंप न्यावयाचेच आहे. परंतु ते का न्यावे, हे मुलांस तोपर्यंत कळलेले असेल.

वाटेतील नियम अपूर्णांकाचा आहे. जवळच्या पाण्याचा तिसरा हिस्सा जाताना, तिसरा येताना आणि तिसरा राखीव. जाताना कोणाही मुलाचा तिसरा हिस्सा संपला की, नियोजित ठिकाण समोर दिसत असले तरी तेथे थांबावे, पाणी वाटून घ्यावे व परत फिरावे. येथे शिक्षकाची खरी परीक्षा होते. गावास सांगून निघालेला कार्यक्रम अर्ध्यावर सोडणे जिवावर येते. परंतु परत फिरलेला शिक्षक पुढच्या महिन्यात पुन्हा निघू शकतो, हे ध्यानी धरावे. उन्हात एक मूल कोसळले, तर त्या शाळेतून पुढील कित्येक वर्षे कोणी मुलांस बाहेर धाडणार नाही.

वाट चालताना

सर्वांत हळू चालणाऱ्या मुलास पुढे ठेवावे. एक शिक्षक आघाडीस व एक अखेरीस असावा. प्रत्येक विसाव्यास मोजणी करावी.

कोरड्या मुलखात जमीन वाचावयास शिकविणे हा या चालण्याचा गाभा आहे. गुरांच्या खुरांच्या वाटा कोठे एकत्र येतात ते पाहावे. बहुधा तेथे पाणवठा असतो. बाभूळ, हिवर व बोर उघड्या माळावर तग धरतात, तर उंबर, जांभूळ व करंज दिसू लागले की जमिनीखाली ओल जवळ आली असे समजावे. नाल्याच्या वाळूत एखादा झिरा आढळल्यास वाळूतून पाझरून आलेले ते पाणी मुलांस दाखवावे. पिण्यास मात्र उकळल्यावाचून देऊ नये. घळीच्या भिंतीत पिवळसर मातीचे थर, गोट्यांचा पट्टा व चुनखडीचे खडे दिसतात. गोटे जोराच्या प्रवाहाने आणलेले, बारीक माती संथ पाण्याने टाकलेली, एवढे सांगितले तरी मुले त्या भिंतीत जुने पूर शोधू लागतात. हे निरीक्षण भिंतीपासून दूर उभे राहून करावे. भिंत उकरू देऊ नये आणि काठावर बसू देऊ नये.

दुपारी सावलीचा प्रयोग घ्यावा. एक मीटर लांबीची काठी सपाट जागी सरळ रोवून तिची सर्वांत आखूड सावली मोजावी. अमळनेरचे अक्षांश सुमारे २१ अंश उत्तर असल्यामुळे २२ डिसेंबरच्या सुमारास ही सावली जवळजवळ काठीइतकीच भरते. ती वेळ घड्याळात बाराची नसून साडेबाराच्या आसपासची असते, कारण आपले घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचे आणि गाव ७५ अंशांवरचे. प्रमाणवेळेचा धडा येथे एका काठीने पुरा होतो.

मुक्काम

मुक्कामाची जागा उंचवट्यावर, घळीच्या काठापासून निदान शंभर पावले दूर असावी. नाल्याच्या पात्रातील मऊ वाळू झोपावयास कितीही मोहक वाटली, तरी तेथे मुक्काम करू नये. वर आकाश निरभ्र असता दूरच्या पावसाचा लोंढा नाल्यातून येतो. अवकाळी पाऊस हिवाळ्यातही पडतो. जवळच्या गावची शाळा मिळाल्यास तिच्या आवारात राहणे सर्वांत उत्तम. मुलींच्या निवाऱ्याची व शौचाची सोयही तेथे नीट होते.

स्वयंपाक साधा असावा. पऱ्हाटीच्या अथवा तुरीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचे भरीत व कळण्याची भाकरी यांस खानदेशी मुलाच्या लेखी पक्वान्नाचे मोल आहे. वाऱ्याची दिशा पाहून, सुके गवत काढून मगच चूल पेटवावी व निजण्यापूर्वी ती मातीने विझवावी.

विंचू व साप यांविषयी भीती घालू नये, पण हयगयही करू नये. दगड उचलू नये, बिळात हात घालू नये, रात्री विजेरीवाचून हिंडू नये, सकाळी पादत्राणे झटकून घालावीत. सर्पदंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये, घट्ट आवळपट्टीही बांधू नये. मुलास धीर देऊन तो अवयव हलणार नाही असा आधार द्यावा, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व प्रतिसर्पविष उपलब्ध असलेले रुग्णालय गाठावे. ते रुग्णालय कोणते, हे निघण्यापूर्वीच विचारून ठेवलेले असावे. विंचूदंशही, विशेषतः मुलांत, जीवघेणा ठरू शकतो. म्हणून तेथेही मंत्र-उताऱ्यात वेळ दवडू नये.

रात्री ध्रुवतारा दाखवावा. डिसेंबरच्या संध्याकाळी सप्तर्षी दिसत नाहीत. त्या वेळी शर्मिष्ठेच्या पाच ताऱ्यांवरून ध्रुव शोधावा व पहाटे सप्तर्षींवरून पडताळा घ्यावा. हात लांब करून धरलेली मूठ आकाशात सुमारे दहा अंश व्यापते. क्षितिजापासून एकावर एक दोन मुठी मोजल्या की ध्रुवाजवळ पोहोचतो, म्हणजे सुमारे २१ अंश. गावचे अक्षांश असे मुलांच्या मुठीत सापडतात.

खुंटी

सकाळी मुख्य काम. घळीच्या तोंडापासून दहा मीटर मागे, मालकाच्या संमतीने, जाड लाकडी खुंटी ठोकावी. ती हरवल्यास जागा सापडावी म्हणून जवळच्या दोन झाडांपासूनची अंतरे मोजून ठेवावीत. खुंटीपासून काठापर्यंतचे अंतर मोजावे. काठाकडील शेवटचे माप शिक्षकाने लांब बांबूच्या साहाय्याने घ्यावे. मुलांनी खुंटीपाशी फीत धरावी. तारीख, अंतर व मोजणाऱ्यांची नावे नोंदवहीत लिहावीत. पुढील डिसेंबरात नवी सातवी तेच अंतर मोजील.

बहुधा जथ्यात असे एखादे मूल असते की ज्याच्या घरच्या शेताचा तुकडा घळीने नेलेला असतो. शिक्षकाने त्याचे उदाहरण सर्वांसमोर करू नये. त्याच्या वडिलांस मात्र आदल्या दिवशी भेटून, त्यांची इच्छा असल्यास, घळीपाशी बोलवावे. पूर्वी बांध कोठे होता, कोणत्या वर्षी काय गेले, पाणी कोठून वळले, हे त्यांच्याइतके कोणी सांगू शकणार नाही. ज्या गोष्टीची घरात खंत आहे, तीच गोष्ट वडील शिक्षकांसमोर ज्ञान म्हणून सांगत आहेत, हे त्या मुलास दिसले पाहिजे. त्यानंतर वरच्या अंगाचे पाणी अडविणारी बांधबंदिस्ती, उताराला आडवी नांगरट, काठावरचे गवत आणि झाडे यांची चर्चा आपोआप निघते.

शाळेत परतल्यावर

साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. छात्रालयातील मुलांसाठी ते हस्तलिखित दैनिक चालवीत. त्या परंपरेस अनुसरून मुलांनी परतल्यावर आठ पानांचे हस्तलिखित काढावे : वाटेचा नकाशा, पाण्याचा हिशेब, सावलीचे माप, झाडांची मराठी व अहिराणी नावे आणि अखेरच्या पानावर खुंटीची नोंद. घरच्या बोलीतील नाव चुकीचे म्हणून खोडू नये. ते पुस्तकी नावाच्या शेजारी लिहवून घ्यावे.

नोंदवही शाळेच्या दप्तरात ठेवावी व बदली होताना नव्या शिक्षकाच्या हाती, खुंटीची जागा प्रत्यक्ष दाखवून, द्यावी. एका वर्षाच्या मापाने काही सिद्ध होत नाही. पाच वर्षांची मापे जमल्यावर ती ग्रामसभेत मांडता येतील. आपल्या शिवाराची माती किती व कोठून जाते, हे सांगणारा कागद त्या वेळी गावाजवळ असेल आणि तो गावच्याच मुलांनी लिहिलेला असेल.