पाचची मोटार, साडेसातचा जनरेटर

द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी झाली की ओझर-पिंपळगाव पट्ट्यात ठिबकला पाणी लागतंच, लाइट मात्र तिच्या पाळीनं येते. मग जनरेटर घेतले जातात आणि मागोमाग माझ्या रिवायंडिंगच्या दुकानात जळक्या मोटारी येऊ लागतात.

गेल्या हंगामात दिंडोरीकडचे एक बागायतदार 5 एचपीची थ्री फेज मोनोब्लॉक घेऊन आले. जनरेटर विकणाऱ्यानं त्यांना सांगितलं होतं, 5 एचपी म्हणजे पावणेचार किलोवॅट. साडेसात केव्हीए म्हणजे 6 किलोवॅट, भरपूर झाला. हिशोब खोटा नाही, पण तो पळत्या मोटारीचा. पळताना ती सात-आठ अँपिअर घेते. डायरेक्ट स्टार्टरवर उठताना मात्र सहापट, म्हणजे 45 ते 50. साडेसातच्या जनरेटरची कायमची ताकद जेमतेम साडेदहा अँपिअरची. बटण दाबलं की इंजिन दबायचं, व्होल्टेज कोसळायचं, कॉन्टॅक्टर सुटायचा. भार सुटला की व्होल्टेज परत वर, आणि स्टार्टरचा ऑटो पुन्हा मोटार उठवायचा. या खडखडाटात एका फेजचा पॉइंट जळाला, मोटार दोन फेजवर गुरगुरत राहिली आणि वाइंडिंग काळं पडलं. ओव्हरलोड रिले? तो आधीच कुणीतरी डायरेक्ट करून ठेवलेला. आपल्याकडे हे सर्रास चालतं.

अशा मोटारीला मी 15 केव्हीए सांगतो. स्टार-डेल्टा स्टार्टर असेल तर उठतानाचा करंट एक तृतीयांशावर येतो, मग दहावरही भागतं. तीन वायरीच्या सबमर्सिबलला मात्र स्टार-डेल्टा बसत नाही, त्याला सहा वायरी लागतात. पण म्हणून ‘होऊन जाऊ दे 30 केव्हीए’ असंही करू नका. तीस टक्क्यांहून कमी भारावर सतत चालणारं डिझेल इंजिन काजळी धरतं, डिझेल जातं ते वेगळंच. प्लेटवर प्राइम लिहिलंय की स्टँडबाय, तेही पाहा. स्टँडबायचा आकडा मोठा दिसतो, पण तो रोज तासन् तास चालवण्यासाठी नसतो.

जनरेटरवर असताना ऑटो बंद ठेवा. दोन मोटारी असतील तर मोठी आधी उठवा. चेंजओव्हर स्विचशिवाय जोडणी तर नकोच. उलटी गेलेली वीज खांबावरच्या वायरमनचा जीव घेते.

आणि पैसे देण्याआधी जनरेटर विहिरीवर आणायला लावा. तुमचीच मोटार, तुमचाच स्टार्टर, वायरला क्लॅम्प मीटर. दाखवायला कां-कू करणाऱ्याकडून जनरेटर घेऊ नका.