सौप्तिकपर्व आणि हिंसेचे मूळ

महाभारताच्या अठरा पर्वांत सौप्तिकपर्व हे दहावे होय. आकाराने ते लहान आहे. परंतु हिंसा कोठून उपजते आणि कोठवर जाते, याचा विचार करू इच्छिणाऱ्या जिज्ञासूस याइतके उपयुक्त स्थळ क्वचितच सापडेल. अठरा दिवसांचे युद्ध संपले आहे. दुर्योधन मांडी भंगून पडला आहे. कौरवांकडील अश्वत्थामा, कृपाचार्य आणि कृतवर्मा हे तिघे रात्री एका वडाखाली विसावले आहेत. दोघांना झोप लागते. अश्वत्थामा जागाच राहतो. वडावर निजलेल्या कावळ्यांवर एक घुबड झडप घालते व त्यांचा संहार करते. ते पाहून निजलेल्या शत्रूस मारण्याची युक्ती त्याला सुचते. त्याच रात्री धृष्टद्युम्न, शिखंडी, द्रौपदीचे पाचही पुत्र आणि उरलेले पांचालसैन्य शिबिरात मारले जाते.

घुबड हे निमित्त झाले. कारण त्याहून पुष्कळ जुने आहे. द्रोण आणि द्रुपद हे भरद्वाजांच्या आश्रमातील सहाध्यायी. पुढे द्रुपद राजा झाला आणि द्रोण दरिद्रीच राहिला. त्याच्या बालकास दूध म्हणून पिठाचे पाणी प्यावे लागले. तोच बालक अश्वत्थामा होय. द्रोण जुन्या मित्राकडे गेला, तेव्हा मैत्री बरोबरीच्यांत शोभते, असे सांगून द्रुपदाने त्याला लाजविले. द्रोणाने शिष्यांकडून गुरुदक्षिणा म्हणून द्रुपदास बांधून आणविले आणि त्याचे अर्धे राज्य ठेवून घेतले. द्रुपदाने द्रोणाचा वध करील असा पुत्र यज्ञातून मागितला, तो धृष्टद्युम्न. युद्धाच्या पंधराव्या दिवशी द्रोणाच्या हातून द्रुपद पडला. त्याच दिवशी अश्वत्थामा मेल्याचे खोटे वर्तमान ऐकून द्रोणाने शस्त्र टाकले आणि शस्त्र टाकून बसलेल्या त्या वृद्धाचे मस्तक धृष्टद्युम्नाने छेदिले. त्यानंतर आली ती सौप्तिकाची रात्र.

या साखळीतील कोणासही विचारले, तर आरंभ आपण केला असे तो म्हणणार नाही. द्रुपद राजाची रीत सांगत होता. द्रोण अपमानाची फेड करीत होता. धृष्टद्युम्न ज्यासाठी जन्मला ते कार्य करीत होता. अश्वत्थामा पित्याचे ऋण फेडीत होता. प्रत्येकाच्या हिशेबी तो केवळ मागील देणे चुकते करीत आहे; नवे असे काहीच करीत नाही. हिंसेची खरी मोहिनी येथेच आहे. करणाऱ्यास ती हिंसा म्हणून दिसत नाही, न्याय म्हणून दिसते. म्हणून क्रोध, लोभ, दारिद्र्य, अपमान ही हिंसेची कारणे खरी असली, तरी त्यांना हिंसेपर्यंत नेणारी कल्पना एकच आहे : माझे येणे बाकी आहे.

त्या रात्री थांबण्याची संधी नव्हती असे नाही. कृपाचार्यांनी भाच्यास सांगितले की आजची रात्र झोप घे, उद्या धृतराष्ट्र, गांधारी आणि विदुर यांना विचारू. निजलेल्यास मारणे निंद्य होय. हिंसेवरचा हा उपाय अगदी साधा आहे. एक रात्र जाऊ द्यावी आणि ज्यांचा क्रोध तापलेला नाही अशा वडील माणसांस विचारावे. अश्वत्थाम्याने तो मानला नाही. आणि ज्यांनी हा बोध केला ते कृपाचार्य शेवटी स्वतःच शिबिराच्या दाराशी पळणाऱ्यांस मारण्यास उभे राहिले. चांगला उपदेश करून नंतर त्याच कर्मास साह्य करणारा मनुष्यही हिंसेच्या कारणांत मोडतो, हे येथे विसरता येत नाही.

परिणामाकडे पाहू गेल्यास तो कर्त्यापाशी थांबत नाही. अश्वत्थाम्याने गवताच्या काडीवर मंत्रून सोडलेले अस्त्र उत्तरेच्या गर्भापर्यंत गेले. ज्याने अजून सूर्य पाहिला नव्हता त्या जीवाशी कोणाचे वैर होते? श्रीकृष्णांनी त्या गर्भास जीवदान दिले. अश्वत्थाम्याच्या वाट्यास मात्र व्याधिग्रस्त होऊन एकाकी भटकणे आले. शिबिराचे दार राखणारा कृतवर्मा द्वारकेस परतला आणि त्याच्यापुरते प्रकरण मिटले असे वाटले. छत्तीस वर्षांनंतर प्रभासक्षेत्री मद्यपान चालले असता सात्यकीने निजलेल्यांना मारणारा म्हणून त्याची निर्भर्त्सना केली. कृतवर्म्याने भूरिश्रव्याच्या वधाची आठवण देऊन उलट टोला मारला. सात्यकीने त्याचे मस्तक उडविले, आणि त्या एका वाक्यावरून यादवांनी आपसांत एरका गवताने एकमेकांस संपविले. छत्तीस वर्षे जे शस्त्र म्यानात होते, ते जिभेने बाहेर काढले. वाचिक हिंसा धाकटी समजू नये, ती याचसाठी.

वाङ्मयात हिंसा असावी की नसावी, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. महाभारताने हिंसा लपविली नाही. तथापि, सौप्तिकपर्वाच्या लगेच पुढे त्याने स्त्रीपर्व ठेवले आहे. तेथे गांधारी आणि कुरुकुळाच्या सुना रणभूमीवर येतात आणि कालपर्यंत योद्धे म्हणून वर्णिलेली शरीरे पती, पुत्र, भाऊ म्हणून ओळखू लागतात. वार दाखविणारे वाङ्मय सर्वच वाईट नव्हे; वारामागील कारण आणि वारानंतरचे रुदन ज्यात गाळले आहे, ते वाङ्मय वाचकास अश्वत्थाम्याच्या बाजूस उभे करते. आजचा एखादा चित्रपट वा कादंबरी पारखावयाची असेल, तर त्यातील सौप्तिकापुढे स्त्रीपर्व आहे की नाही एवढे पाहावे. नसेल, तर पाहणाऱ्याच्या मनात घुबडाची युक्ती तेवढी शिल्लक राहते.

मग ही साखळी तुटते कोठे? द्रौपदीपाशी. एका रात्रीत पाच पुत्र गमावलेल्या मातेपेक्षा मोठे येणे कोणाचे असणार? महाभारतात ती प्रथम अन्नत्याग करून अश्वत्थाम्याच्या वधाचा आग्रह धरते. परंतु त्याच्या मस्तकीचा मणी हाती येताच तो गुरुपुत्र म्हणून तेवढ्यावर थांबते. भागवताच्या प्रथम स्कंधात याहून पुढची पायरी आहे. अर्जुन त्याला बांधून समोर आणतो, आणि द्रौपदीच त्याला सोडावयास सांगते. आपण जशा रडतो तसे याच्या आईने रडू नये, एवढेच तिचे कारण आहे. तिने शत्रूमध्ये शत्रू पाहिला नाही, दुसऱ्या आईचा मुलगा पाहिला. भीम वधाचा आग्रह धरतो. तेव्हा श्रीकृष्णांच्या अभिप्रायास अनुसरून अर्जुन मणी काढून घेतो आणि त्याला शिबिराबाहेर घालवितो. दंड झाला, सूड उरला नाही.

येथे शंका येते की, ज्या श्रीकृष्णांनी अर्जुनास युद्धास प्रवृत्त केले, त्यांच्या उपासकांनी अहिंसा कोणत्या आधारे सांगावी? समाधान असे : युद्धापूर्वी तेच दूत होऊन हस्तिनापुरास गेले होते आणि पांडव पाच गावांवरही समाधान मानण्यास तयार होते. शिशुपालाचे शंभर अपराध त्यांनीच सोसले. गीतेच्या अकराव्या अध्यायाच्या शेवटी आपल्यापर्यंत येणारा भक्त सर्व भूतांच्या ठायी वैररहित असतो, असे त्यांनीच सांगितले, आणि सोळाव्यात दैवी संपत्तीच्या गणनेत अहिंसा व अक्रोध घातले. राज्यकर्त्याचा दंड वेगळा आणि मनातील वैर वेगळे, हा भेद न धरल्यामुळे ही शंका उद्भवते.

म्हाइंभटांच्या लीळाचरित्रातील सशाची लीळा सर्वपरिचित आहे. पारध्यांनी पिटाळलेला ससा सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या मांडीखाली शिरला. पारध्यांनी तो मागताना जे कारण दिले, तिकडे मात्र पुष्कळांचे लक्ष जात नाही. ससा होडेचा होता आणि तो न मिळाल्यास त्याच्यासाठी आपसांत सुऱ्या निघतील, असे ते म्हणाले. सशाशी वैर नाही, भूकही नाही, पैज आहे. शरण आलेल्यास मरण देता येत नाही, हे स्वामींनी त्यांना समजाविले. ते परतल्यावर स्वामींनी सशाला निरोप दिला, तोही आदराच्या संबोधनाने. ज्याला पारधी पैजेची वस्तू मानीत होते, त्यास स्वामींनी व्यक्ती मानले. द्रौपदीने केले तेही हेच होय.

हे ग्रंथांतरीचे आहे, व्यवहारात चालत नाही, असे म्हणणाऱ्यांनी चंबळच्या खोऱ्याकडे पाहावे. तेथील दरोडेखोर स्वतःस दरोडेखोर म्हणवीत नसत, बागी म्हणवीत. म्हणजे त्यांच्याही हिशेबी ते अन्यायाची फेडच करीत होते. पुष्कळांचा आरंभ जमिनीच्या वा भाऊबंदकीच्या तंट्यात होता. प्रसिद्ध बागी मानसिंह १९५५ साली पोलिसांच्या गोळीने मेला, तरी टोळी संपली नाही. त्याचा पुत्र तहसीलदारसिंह याने फाशीच्या कोठडीतून विनोबांना पत्र लिहिले, आणि १९६० च्या मे महिन्यात निःशस्त्र चालत आलेल्या विनोबांपुढे वीस बागींनी शस्त्रे ठेविली. पुढे १४ एप्रिल १९७२ रोजी मध्य प्रदेशातील जौरा येथे जयप्रकाश नारायण यांच्या उपस्थितीत मोहरसिंह, माधोसिंह आदींनी गांधीजींच्या प्रतिमेपुढे बंदुका ठेविल्या. त्यांना तुरुंगवास चुकला नाही. येथेही दंड राहिला आणि सूड सुटला.

साधकाने यातून आपल्यापुरते काय घ्यावे? अनुसरलेल्याच्या हाती शस्त्र नसते आणि वासनिकही सहसा कोणावर हात टाकीत नाही. तेवढ्यावरून दोघांनीही आपणास अहिंसक समजू नये. धर्मबंधूचे जुने उणे शब्द मनात जपून ठेवणे, बांधाच्या वा वाटणीच्या तंट्यात भावाशी बोलणे टाकणे, सभेत सात्यकीसारखे जुने कर्म काढून टोचणे, ही सर्व येणे बाकी ठेवण्याचीच रूपे आहेत. क्रोध आला असता कृपाचार्यांचा बोध स्मरावा आणि एक रात्र जाऊ द्यावी. मात्र सकाळी त्यांच्याप्रमाणे दाराशी उभे राहू नये. आणि आपले येणे खरोखरच मोठे असेल, तर ते सोडण्याचा अधिकारही आपलाच आहे, हे द्रौपदीपासून शिकावे. ज्याचे काही येणेच नाही, त्याच्या क्षमेस मोल नसते.